आस-गुणोत्तर, आडवाटेच्या मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या चालक आसातील मुकुटचक्राच्या दातांच्या संख्येस त्याला फिरविणाऱ्या दंतचक्रीच्या (लहान दंतचक्राच्या) दातांच्या संख्येने भागले असता येणारी संख्या. मुकुटचक्राला ४१ व दंतचक्रीला १० दात असल्यास आस-गुणोत्तर ४·१० होते. म्हणजे प्रचालक दंडाचे ४·१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ही जोडी आपल्याकडील कार्यशाळांतून ‘क्राऊन-पिनियन’ या जोडनावाने ओळखली जाते. खडकाळ, चिखलाच्या वा वाळूच्या वाटेवर चालवावयाच्या गाडीला मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसविले म्हणजे एंजिन, रस्त्यावरील वेग आणि चाकाशी मिळणारी प्रेरणा (जोर) यांचा निर्मात्याने बसविलेला मेळ बिघडतो. तो पुन्हा बसविण्यासाठी आस-गुणोत्तर बदलावे लागते. या बदलाने एंजिनाची शक्ती वाढत नाही. टायरांच्या वाढलेल्या व्यासामुळे गमावलेला यांत्रिक लाभ तेवढा परत मिळतो, ही गोष्ट गुणोत्तर निवडताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

कार्य : एंजिनाची गती दंतचक्रपेटी, चार चाकांच्या चालनाच्या गाडीत तिच्यामागे असणारी विभाजक पेटी (ट्रान्स्फर पेटी) आणि शेवटी आस अशा तीन टप्प्यांनी कमी होत जाते व त्याच प्रमाणात परिबल (फिरविण्याची प्रवृत्ती) वाढत जाते. तिन्ही टप्प्यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर होय. पहिला गियर व विभाजक पेटीतील मंदगती योजना एकाच वेळी जोडली असता येणाऱ्या एकूण गुणोत्तरास सरपट-गुणोत्तर म्हणता येईल, कारण गाडी किती सावकाश सरपटू शकेल ते त्यावरून ठरते.

चाकाशी पोहोचलेल्या परिबलास टायरच्या त्रिज्येने भागले की जमिनीवर मिळणारी प्रेरणा येते. त्रिज्या वाढली की तेच परिबल अधिक लांब भुजेवर कार्य करते आणि प्रेरणा त्या प्रमाणात घटते. उदा., २,००० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी १०० मी.ला ३० मी. चढणाऱ्या उतारावर नुसती तोलून धरण्यास सु. ५,६४० न्यूटन प्रेरणा लागते. एंजिन मंद फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर परिबल देत असेल व वहनातील कार्यक्षमता ८५% धरली, तर ३० इंची (७६ सेंमी.) टायरांवर यासाठी सु. २५ एवढे एकूण गुणोत्तर पुरते, ३५ इंची (८९ सेंमी.) टायरांवर मात्र ते २९·५ असावे लागते. चढ तोच, एंजिन तेच. फरक फक्त त्रिज्येचा आहे.

मोठ्या गुणोत्तराला इंग्रजी वळणाने ‘लो’ व लहान गुणोत्तराला ‘हाय’ म्हणण्याची रीत असल्याने व्यवहारात पुष्कळदा घोटाळा होतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत मोठे व लहान हे शब्द केवळ संख्येच्या अर्थाने वापरले आहेत.

जीपचे उदाहरण : आस-गुणोत्तर गाडीच्या कामावरून कसे ठरते, हे मूळ जीपच्या दोन प्रकारांवरून स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी १९४१–४५ या काळात बनविलेल्या विलिस एमबी या जीपचे आस-गुणोत्तर ४·८८ (३९ भागिले ८), पहिल्या गियरचे २·६६५ व विभाजक पेटीतील मंदगतीचे १·९७ होते. त्यावरून सरपट-गुणोत्तर सु. २५·६ येते. युद्ध संपताच १९४५ मध्ये याच घराण्यातील सीजे-२ए ही नागरी जीप मुख्यतः शेतीकामाचे साधन म्हणून बाजारात आली. तिचे एंजिन व टायरांचे माप जवळजवळ तेच ठेवून आस-गुणोत्तर ५·३८ (४३ भागिले ८), पहिला गियर २·७९८ व विभाजक पेटी २·४३ करण्यात आली; सरपट-गुणोत्तर सु. ३६·६ झाले. एंजिन मिनिटाला १,००० फेरे करीत असता पहिली गाडी ताशी सु. ५·४ किमी., तर दुसरी ताशी सु. ३·८ किमी. वेगाने जाते. लष्कराला रस्त्यावरील वेग हवा होता. शेतकऱ्याला नांगरामागून चालणाऱ्या माणसाची चाल हवी होती. एंजिन न बदलता केवळ दंतचक्रांनी हा फरक साधला गेला. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि याच घराण्यातील गाड्या पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण व घाटमाथ्याच्या भागांत दीर्घकाळ परिचित राहिल्या.

पुढे अमेरिकेत आडवाटांनी गाडी हाकणे हा एक छंद झाला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतातील सु. ३५ किमी. लांबीच्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये जीपधारकांचा पहिला संघटित प्रवास निघाला. मोठ्या धोंड्यांवरून गाडी नेताना वाढीव टायर आणि त्यांना साजेसे आस-गुणोत्तर यांची गरज अशाच वाटांवर तीव्रतेने भासू लागली. या वाटेचे नाव दिलेल्या रँग्लर रुबिकॉन या जीपच्या २००७ नंतरच्या प्रकारात आस ४·१०, विभाजक पेटी ४·०० व पहिला गियर ४·४६ असून सरपट-गुणोत्तर ७३ च्या वर आहे. ३२ इंची टायरांवर एंजिनाच्या १,००० फेऱ्यांना ही गाडी ताशी सु. २ किमी. एवढीच सरकते.

प्राथमिक आकडेमोड : मूळ मेळ परत आणणारे गुणोत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. मूळ आस-गुणोत्तरास नव्या टायरच्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागावे. उदा., ३·७३ गुणोत्तर व ३० इंची टायर असलेल्या गाडीला ३५ इंची टायर बसविले, तर गाडी जणू ३·२० गुणोत्तर असल्याप्रमाणे वागू लागते. मूळ स्थितीसाठी ३·७३ × ३५ ÷ ३० म्हणजे ४·३५ गुणोत्तर हवे.

एंजिनाचे मिनिटाचे फेरे काढण्यासाठी ताशी किलोमीटरमधील वेगास आस-गुणोत्तर व चालू गियरचे गुणोत्तर यांनी गुणावे आणि टायरच्या मीटरमधील व्यासाच्या ०·१८८५ पटीने भागावे. वरील गाडीसाठी ताशी १०० किमी. वेगाला येणारे फेरे पुढील कोष्टकात दिले आहेत. चौथा गियर सरळ (१·००) व पाचवा ०·८० गुणोत्तराचा धरला आहे. शेवटच्या स्तंभात जमिनीवरील प्रेरणा मूळ स्थिती १०० मानून दाखविली आहे.

| टायर (इंच) | आस-गुणोत्तर | फेरे, चौथा गियर | फेरे, पाचवा गियर | प्रेरणा |
|---|---|---|---|---|
| ३० | ३·७३ | २,६०० | २,०८० | १०० |
| ३५ | ३·७३ | २,२३० | १,७८० | ८६ |
| ३५ | ४·१० | २,४५० | १,९६० | ९४ |
| ३५ | ४·५६ | २,७२० | २,१८० | १०५ |
| ३५ | ४·८८ | २,९१० | २,३३० | ११२ |

टायरवर छापलेला व्यास नाममात्र असतो. भाराखाली टायर दबतो, झिजतो आणि निरनिराळ्या निर्मात्यांच्या एकाच मापाच्या टायरांतही फरक असतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून टायरवर व जमिनीवर खूण करावी, चाकाचे पाचदहा फेरे होतील इतकी गाडी ढकलावी आणि कापलेल्या अंतरावरून प्रत्यक्ष परीघ काढावा. त्याला ३·१४१६ ने भागून येणारा व्यास आकडेमोडीस घेणे अधिक विश्वसनीय असते.

बाजारातील गुणोत्तरे : त्रैराशिकाने ४·३५ आले तरी नेमके तेच गुणोत्तर मिळेल असे नाही. दातांची संख्या पूर्णांकच असते आणि आसाच्या कवचात मावणाऱ्या मुकुटचक्राचा व्यास ठरलेला असतो. त्यामुळे ४१/११ = ३·७३, ४१/१०  = ४·१०, ४१/९ = ४·५६, ३९/८ = ४·८८, ४३/८ = ५·३८ अशी ठराविक गुणोत्तरेच मिळतात. दोन्ही संख्यांना सामाईक विभाजक नसेल अशा जोड्या मुद्दाम निवडतात. त्यामुळे दंतचक्रीचा प्रत्येक दात मुकुटचक्राच्या प्रत्येक दाताशी आळीपाळीने भिडतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. गुणोत्तरे अपूर्णांकी व विचित्र वाटण्याचे कारण हेच आहे.

४·३५ हे ४·१० व ४·५६ यांच्या मधोमध पडते. अशा वेळी सामान्यतः मोठे गुणोत्तर घेतात, कारण त्रैराशिक केवळ व्यासाचा विचार करते. मोठा टायर जड असतो व त्याचे वस्तुमान आसापासून दूर असते. त्यामुळे त्याला गती देण्यास लागणारे निरूढीचे (जडत्वाचे) परिबल वाढते. जाड, खोल खाचांच्या टायरचा लोटनरोध अधिक असतो. उंच केलेल्या गाडीला वाऱ्याचा रोधही जास्त होतो. त्यात संरक्षक पत्रे, ओढयंत्र, सामान यांचे वजन पडते. समुद्रसपाटीपासून उंच प्रदेशात, अतिभारक (टर्बो) नसलेल्या एंजिनाची शक्ती दर ३०० मी. चढास सु. ३% घटते, तीही भर यात घालावी लागते.

निवडीस मर्यादा घालणारे घटक : (१) एंजिन. डीझेल एंजिन मंद फेऱ्यांवर भरपूर परिबल देते व त्याचे कमाल फेरे कमी असतात, म्हणून त्याला फार मोठे गुणोत्तर मानवत नाही. लहान पेट्रोल एंजिनाचे परिबल वरच्या फेऱ्यांत असल्याने त्याला मोठे गुणोत्तर लागते.

(२) दंतचक्रपेटी. सर्वांत वरच्या गियरचे गुणोत्तर १·०० पेक्षा बरेच लहान असेल, तर अपुऱ्या आस-गुणोत्तराने तो गियर निरुपयोगी होतो आणि चालकाला सतत खालच्या गियरमध्ये यावे लागते. स्वयंचलित पेटीत हा दोष अधिक घातक ठरतो. पेटी दोन गियरांमध्ये वारंवार ये-जा करते, द्रवजोड घसरत राहतो व तेल तापून पेटीचे आयुष्य घटते.

(३) रस्त्यावरील वापर. आठवड्यातील बहुतेक दिवस महामार्गावर धावणाऱ्या गाडीला फार मोठे गुणोत्तर दिल्यास एंजिनाचे फेरे, आवाज व इंधनाचा खप वाढतो. मात्र फेरे कमी म्हणजे खप कमी, हा समज सर्वस्वी खरा नाही. कमी फेऱ्यांवर ओढ सहन न झालेले एंजिन थ्रॉटल अधिक उघडून किंवा खालच्या गियरमध्ये चालवावे लागते आणि बचत नाहीशी होते.

(४) दंतचक्रीचे बल. मुकुटचक्राचा व्यास तोच ठेवून गुणोत्तर वाढविले की दंतचक्री लहान होते, तिचे दात कमी होतात व एका वेळी भिडणाऱ्या दातांचा संपर्क घटतो. म्हणून प्रत्येक आसास बलाच्या दृष्टीने एक वरची मर्यादा असते. सु. १८ सेंमी. मुकुटचक्राच्या डाना-३० सारख्या हलक्या आसात ही मर्यादा सु. २१·६ सेंमी. मुकुटचक्राच्या डाना-४४ पेक्षा लवकर गाठली जाते. फार मोठे टायर लावावयाचे असल्यास गुणोत्तराबरोबर आसही बदलावा लागतो.

पुढचा व मागचा आस : चारही चाकांना गती देणाऱ्या अंशकालीन योजनेत पुढचा व मागचा प्रचालक दंड विभाजक पेटीत परस्परांना घट्ट जोडले जातात, त्यांच्यामध्ये विभेदी दंतचक्रमाला नसते. म्हणून दोन्ही आसांचे गुणोत्तर सारखेच असले पाहिजे. एका आसात ३·७३ व दुसऱ्यात ४·५६ अशी स्थिती असताना चार चाकांचे चालन जोडले, तर पकड असलेल्या जमिनीवर दंडांमध्ये पीळ साठत जातो व शेवटी कोठला तरी जोड, दंड किंवा पेटी फुटते. खर्चाच्या विवंचनेने आधी मागचाच आस बदलला असेल, तर पुढचा बदलेपर्यंत चार चाकांचे चालन मुळीच जोडू नये. टायरही चारही सारख्या व्यासाचे असावेत. वेगळ्या मापाचा जादा टायर घेऊन आडवाटेस निघणे धोक्याचे ठरते.

बसवणी : बहुतेक आसांत अधःस्थ दंतचक्रीची (हायपॉइड) योजना असते. हिच्यात दंतचक्रीचा अक्ष मुकुटचक्राच्या अक्षाच्या खाली किंवा वर ठेवलेला असतो. पॅकार्ड या अमेरिकी मोटारीत ती १९२६ मध्ये वापरात आली. या रचनेत दात लोळण्याबरोबर एकमेकांवर लांबीच्या दिशेने घसरतात, म्हणून अतिदाब सहन करणारे विशिष्ट वंगण आवश्यक असते.

मुकुटचक्र व दंतचक्री ही कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली जोडी असते, म्हणून दोन्ही एकदमच बदलतात. दंतचक्रीची खोली पातळ चकत्या घालून ठरवितात, तिच्या धारव्यांना (बेअरिंगांना) योग्य पूर्वभार देतात व दातांमधील मोकळीक सामान्यतः ०·१५ ते ०·२५ मिमी. ठेवतात. नंतर दातांना रंगीत लेप लावून, चक्र फिरवून संपर्काचा ठसा पाहतात. ठसा दाताच्या टोकाला वा मुळाशी सरकला असेल, तर चकत्या बदलून जुळणी पुन्हा करतात. दंतचक्री लहान झाल्यामुळे मुकुटचक्र तिच्याकडे सरकवावे लागते. त्यासाठी काही आसांत विभेदी मालेचे कवचच बदलावे लागते. उदा., डाना-४४ मध्ये ३·७३ पर्यंत एक व ३·९२ पासून पुढे दुसरे कवच लागते. नव्या जोडीवर पहिले पंचवीस-तीस किमी. हलक्या हाताने गाडी चालवून आस पूर्ण थंड होऊ देतात आणि सु. ८०० किमी. नंतर वंगण बदलतात. घाईने वा बेतशीर उपकरणांशिवाय केलेली बसवणी प्रथम घोंघाटाने व नंतर दात तुटून आपला दोष दाखविते.

पर्यायी उपाय : सरपटण्याची क्षमता एवढीच उणीव असेल, तर विभाजक पेटीतील मंदगतीचे गुणोत्तर वाढविणे पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र त्याचा लाभ मंदगती योजना जोडली असतानाच मिळतो. रस्त्यावरील मेळ बिघडलेलाच राहतो. सुझुकी सामुराई या छोट्या गाडीची विभाजक पेटी दंतचक्रपेटीपासून वेगळी असून तिचे द्रुतगतीचे गुणोत्तरही १·४०९ आहे. अशा रचनेत पेटीतील दंतचक्रे बदलून दोन्ही योजनांत सुधारणा करता येते. आसात ३·७३ तसेच ठेवता आल्याने दंतचक्रीचे बलही टिकते. उनिमॉग या जर्मन वाहनात चाकाच्या तुंब्याजवळच दंतचक्रांची एक जोडी असते. तिच्यामुळे आस चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलला जातो, जमिनीपासूनची मोकळीक वाढते आणि गतिन्यूनन चाकाशीच झाल्याने आसदंडावरील परिबल कमी राहते. ही योजना बलवान असली तरी महाग व जड आहे.

गुणोत्तराने न सुटणारे प्रश्न : उतारावर खालच्या गियरमध्ये एंजिनाने गाडी रोखून धरण्याची क्षमता आस-गुणोत्तर वाढविल्याने परत येते आणि निसरड्या उतारावर तिचे मोल फार असते. चाकांच्या गतिरोधकांची (ब्रेकांची) गोष्ट वेगळी आहे. गतिरोधक चाकाशी असल्याने आसातील दंतचक्रांचा त्यांना काहीही लाभ होत नाही. ३० इंचांऐवजी ३५ इंची टायर लावल्यास पायाचा तोच जोर जमिनीवर सु. १४% कमी रोधक प्रेरणा देतो. शिवाय थांबवावयाची निरूढी वाढलेली असते. चढावर गाडी पूर्वीसारखी जोमाने निघू लागली, की गतिरोधकही पूर्वीसारखेच आहेत असा भ्रम होतो. तो जिवावर बेतू शकतो. मोठे टायर लावताना गतिरोधकांची क्षमता वाढविणे हा गुणोत्तराइतकाच आवश्यक भाग होय.

विभाजक पेटीवरून चालणारा वेगमापकही फसवितो. वरील उदाहरणात गुणोत्तर न बदलता ३५ इंची टायर लावल्यास मापक ताशी १०० किमी. दाखवीत असता खरा वेग ताशी सु. ११७ किमी. असतो. ४·५६ गुणोत्तर बसविल्यावर तो उलट सु. ५% जास्त वेग दाखवितो. यावर मापकाचे लहान दंतचक्र बदलणे, किंवा इलेक्ट्रॉनीय गाडीत नियंत्रकाला नवे आकडे पुरविणे हा उपाय आहे. चाकावरील संवेदकांवरून वेग मोजणाऱ्या गाडीत आस-गुणोत्तराचा मापकावर परिणाम होत नाही. टायरच्या व्यासाचा मात्र होतोच.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. म्हणून टायर वाढविण्याचा बेत करतानाच परिवहन कार्यालयाकडून अनुज्ञेयता पडताळणे इष्ट असते.

सारांश, निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम गाडीचे मुख्य काम ठरवावे, त्याला लागतील तेवढेच मोठे टायर निवडावेत, त्यांचा प्रत्यक्ष परीघ मोजावा, त्रैराशिकाने गुणोत्तर काढावे, वजन व प्रदेशाची उंची पाहून जवळचे मोठे गुणोत्तर घ्यावे, महामार्गावरील फेरे तपासावेत आणि आसाचे व गतिरोधकांचे बल पुरेसे आहे याची खात्री करून घ्यावी. खात्री पटत नसेल, तर आधी टायरचे माप कमी करावे, ५ इंच मोठ्या टायराने आसाखालची मोकळीक केवळ २·५ इंचांनी (सु. ६ सेंमी.ने) वाढते आणि एवढ्या लाभासाठी साऱ्या यंत्रणेवर वाढणारा भार दर वेळी समर्थनीय असतोच असे नाही.